नियत वयोमान

आमचा कॉम्प्युटर पितृपक्षात घरी आला. यात दोष माझा नाही, दुसऱ्या शनिवारचा आहे. त्या काळी मंत्रालयाला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असायची. एरवी लॅमिंग्टन रोडला जायचं तर रजेचा अर्ज करा, साहेबांचा चेहरा वाचा, आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. २००९ सालच्या सप्टेंबरातला दुसरा शनिवार १२ तारखेला पडला आणि १२ तारीख नेमकी पितृपक्षात पडली. 'चौथ्या शनिवारी घ्या, नवरात्र असेल,' असं सौभाग्यवतींचं म्हणणं. पण सहावा वेतन आयोग नुकताच पदरात पडला होता आणि मला पंधरा दिवसांचा धीर नव्हता.

शिवाय पितृपक्षाचे फायदे असतात. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं. लॅमिंग्टन रोडवर ज्याला बसायला स्टूल मिळालं त्याने ते आत्मचरित्रात लिहावं. समोर बसून, एकेक खोकं फोडून, त्याने यंत्र जोडलं: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, एक जीबी रॅम, ३२० जीबीची डिस्क. शेवटी स्क्रू पिळता पिळता त्याने सहज विचारलं, "विंडोज ओरिजिनल टाकू की नेहमीचं?"

मी शासकीय नोकर. मला स्वप्नंसुद्धा विभागीय चौकशीची पडत. मी घाबरून "ओरिजिनल" म्हणालो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला पुढे एकदाच दिसली, घराची संपूर्ण रक्कम चेकने देतो म्हणालो तेव्हा.

ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून डोंबिवली हा प्रवास मालडब्यातून झाला. मांडीवर कॅबिनेट, पायाशी मॉनिटर. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "टीव्ही घेतलास काय रं?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मंग त्यात शिरेल नाय दिसत?" नाही म्हटल्यावर त्यांनी कळवळून मला बसायला आणखी वीतभर जागा करून दिली.

तेव्हापासून या यंत्राला जे काही झालं, त्याचं आमच्या घरातलं निदान एकच. उंदराने वायर कुरतडली: पितृपक्षात आणलंत. यूपीएस रात्री अडीचला केकाटायला लागला: पितृपक्षात आणलंत. माझ्या कागदपत्रांची छपाई अर्ध्यात थांबली: सांगितलं होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझ्या यंत्रावर आलेलं विंडोज एक्सपी बाजारात आलं होतं २५ ऑक्टोबर २००१ ला. म्हणजे आमच्या घरी बारसं झालं तेव्हाच ते आठ वर्षांचं घोडं होतं. आणि आमच्या खरेदीनंतर बरोबर चाळीस दिवसांनी, २२ ऑक्टोबर २००९ ला, विंडोज ७ आलं. माझा आयुष्यभराचा अनुभव असाच आहे. मी इस्त्री घेतली की वाफेची इस्त्री येते.

पण आईला तो एक्सपी फार आवडला होता. त्याच्या पडद्यावर ती हिरवी टेकडी असायची, वर निळं आभाळ, दोन ढग. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात टिपलेली. तिथे मुळात द्राक्षाचे मळे, पण कीड लागल्यामुळे वेली उपटून टाकल्या होत्या, म्हणून तेवढ्यापुरतं गवत माजलं होतं. आईचं माहेर साताऱ्याकडचं. चष्मा कपाळावर सरकवून तिने पडद्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "कासचं पठार का रे? पण फुलं नाही आली अजून." मी हो म्हटलं. पुढे रोज संध्याकाळी ती एकदा विचारायची, "आली का फुलं?"

२०१३ साली आई गेली आणि २०१४ साली तो एक्सपी गेला. ८ एप्रिल २०१४ ही त्याची अधिकृत तारीख. त्यानंतर त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत असं जगभर जाहीर झालं होतं. मी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चप्पल काढता काढता विचारलं, "फॉरमॅट मारू?"

मराठीत चक्कर मारतात, थाप मारतात, शिट्टी मारतात, झाडूसुद्धा मारतात. पण 'फॉरमॅट मारू?' हे वाक्य ऐकताना पोटात जे होतं ते यातल्या कशानेच होत नाही. मी काही बोलेना तेव्हा त्याने दुसरा प्रश्न टाकला, "आतला डेटा काय पाहिजे का?" पाच वर्षांचा संसार, आणि हा विचारतोय काय पाहिजे का. एक्सपीवरून सातवर जाताना सगळं पुसूनच नव्याने घालावं लागे, त्यामुळे त्याचंही चुकत नव्हतं. मी पेनड्राइव्ह आणून एकेक फोल्डर उचलत बसलो आणि तो शांतपणे पोहे खात बसला. विंडोज १० मात्र २०१६ साली फुकट आलं, तेही चालत्या घरात, भांडी न हलवता. २९ जुलैपर्यंत घेतलं तर फुकट, अशी मुदत होती. २८ जुलैच्या रात्री मी ते घेतलं. शेवटच्या दिवशी रांग असते.

एव्हाना मीही निवृत्त झालो होतो. इथे एक खुलासा करायला हवा. माझी जन्मतारीख १ जून आहे. म्हणजे आहे असं शाळेचा दाखला म्हणतो. माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून आहे. बापाने पोराला शाळेत आणून उभं केलं की गुरुजी पोराचे दात बघून साल आणि स्वतःची सोय बघून तारीख घालत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्र शासनातून गुरुजींच्या हस्ताक्षराने जन्मलेले लोक जथ्याजथ्याने बाहेर पडतात. हार कमी पडतात. ३१ मे २०१५ रोजी रविवार होता म्हणून मला शनिवारीच नारळ मिळाला. 'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त', असं सेवापुस्तकात शेवटचं वाक्य पडलं. अठ्ठावन्न पूर्ण.

आता १ जूनला सकाळी मी उठलो तेव्हा मला लघुलेखन येत होतं. आदल्या आठवड्यात येत होतं तितकंच. मी मराठी लघुलेखक. साहेब बोलले की रेघा मारायच्या आणि मग त्या टंकून द्यायच्या, एवढंच मी तीस-बत्तीस वर्षं केलं. आमचे पहिले गुरू सांगत, लघुलेखकाने ऐकलेलं लिहावं, समजलेलं लिहू नये. एका बैठकीत साहेब मध्येच "अरे, पंखा कमी करा" म्हणाले आणि मी तेही इतिवृत्तात घेतलं होतं. ते सहीला गेलं, सही होऊनही आलं. तर ती हातोटी १ जूनला शाबूत होती. फक्त तिची आता कोणाला गरज नव्हती, आणि मी जिवंत आहे हे दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन सहीनिशी सांगावं लागणार होतं.

म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात पडद्यावर सूचना आली की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपणार, तेव्हा मला नवल वाटलं नाही. ही भाषा माझ्या ओळखीची होती. यंत्र बंद पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठणार होतं, दोन अधिक दोन चारच सांगणार होतं. फक्त त्याच्याकडे नवे अपडेट येणार नव्हते. नियत वयोमान.

पुढची पायरी विंडोज ११. त्यासाठी पात्रता तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो चालवला आणि मला वैद्यकीय मंडळासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. रॅम चार जीबी हवी; ती २०१६ साली वाढवली होती, ठीक. डिस्क ६४ जीबी, ठीक. पण मदरबोर्डावर टीपीएम २.० पाहिजे. म्हणजे यंत्राच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक चिप. आमच्या काळी किल्ल्या कुंडीखाली असत, तशी चिप कुठून असणार? आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा तरी असावा. मी आमच्या प्रोसेसरची पिढी शोधायला गेलो तर कळलं की कोअर टू ड्युओ हा पिढ्या मोजायला सुरुवात झाली त्याच्याही आधीचा. कुलवृत्तांतात आमच्या शाखेचं नावच नव्हतं.

एक वर्षाची मुदतवाढ मिळू शकते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, असंही वाचलं. पण मुदतवाढ मागणाऱ्यांबद्दल मी नोकरीत असताना कॅन्टीनमध्ये जे जे बोललो होतो ते सगळं मला आठवलं आणि मी तो विचार सोडला. मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "बाबा, सोळा वर्षं झाली, टाका ना ते. मी लॅपटॉप पाठवतो." अडुसष्ट वर्षांच्या माणसाशी बोलताना 'सोळा वर्षं झाली, टाका' हे वाक्य जपून वापरावं, हे या पिढीला कोण शिकवणार?

त्यातच कॉम्प्युटरला विस्मरण सुरू झालं. रोज सकाळी तो चालू केला की तारीख दाखवायचा १ जानेवारी २००९. वेळ रात्री बारा. मी तारीख दुरुस्त करायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या तारखेला बँकेची वेबसाइट उघडेना. कारण वेबसाइटच्या ओळखपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं, आणि आमचा कॉम्प्युटर २००९ मध्ये उभा राहून म्हणत होता, हे ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही, माणूस संशयास्पद दिसतो. तर्कात काही खोट नव्हती. फक्त साल चुकलं होतं. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असे दोन सभासद आहेत.

"काका, सेल गेलाय," तळमजल्यावरची मुलगी म्हणाली. ती कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे कढीपत्ता न्यायला येते. "मदरबोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की याला काही आठवत नाही, मग आत कारखान्यात घातलेली असते ती तारीख धरतो."

म्हणजे यालाही तारीख गुरुजींनीच घातलेली. महिना तेवढा वेगळा. त्या दिवसापासून आमच्या दोघांत काही नातं आहे असं मला उघड वाटू लागलं.

सेल बदलला. मग तिने सरळ विचारलं, "लिनक्स टाकू का? जुन्या मशीनवर मस्त चालतं. मिंट टाकू."

लिनक्सबद्दल मी ऐकून होतो. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेलं, जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलेलं, फुकट. फुकट म्हटल्यावर माझ्यातला शासकीय नोकर पुन्हा जागा झाला. "ओरिजिनल असतं ना गं?"

"काका, यात नेहमीचं नसतंच."

प्रश्न मुहूर्ताचा होता. सौभाग्यवती कॅलेंडर घेऊनच बसली. सर्वपित्री उलटेपर्यंत यंत्राला कोणी स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, असा आदेश निघाला. २ ऑक्टोबरचा दसरा ठरला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळी, पक्कड, माझं जुनं शॉर्टहॅन्डचं पुस्तक आणि २००९ पासून कॉम्प्युटर. सकाळी त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि दुपारी श्रीखंड-पुरीनंतर मुलीने कॅबिनेटचं झाकण उघडलं.

"काका," ती आतून म्हणाली, "यात तांदूळ आहेत."

सोळा वर्षांच्या अक्षता. आत धुळीची मऊ करडी गादी, पंख्याच्या पात्यांना कुंकवाची लाल किनार, मदरबोर्डाच्या कोपऱ्यात वाळून कागद झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. तिने रंगकामाचा ब्रश घेऊन हळूहळू सगळं झाडलं. सौभाग्यवतीने खाली वर्तमानपत्र धरलं, कारण निर्माल्य केरात टाकायचं नसतं. मी असा जवळून त्याला पहिल्यांदाच बघत होतो. एखाद्या माणसाबरोबर सोळा वर्षं राहावं आणि मग त्याचा एक्स-रे दाखवला जावा, तसं वाटलं.

"जुनी डिस्क काढून ठेवते. नवीन एसएसडी लावू. काही बिघडलं तर जुनी परत जोडायची, आहे तसं चालू," ती म्हणाली. २०१४ च्या त्या पोहे खाणाऱ्या माणसाला हे वाक्य सुचलं असतं तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या. मी जुनी डिस्क हातात घेतली. वजनदार होती. ती रुमालात गुंडाळून मी कपाटाच्या खणात ठेवली, जिथे घराचं खरेदीखत आणि आईच्या बांगड्या आहेत.

मग पेनड्राइव्ह लावला. यातली एक सोय मला फार आवडली. लिनक्स आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. डिस्कला हात न लावता. आवडलं तर बसवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि विसरा. घर विकत घेण्याआधी चार दिवस राहून नळाला पाणी कधी येतं ते बघावं, तसं. माझ्या आयुष्यातले मोठे निर्णय या सोयीने घेता आले असते तर बरंच वेगळं झालं असतं, असं मी मोठ्याने म्हणालो. सौभाग्यवतीने फक्त वर पाहिलं. मी नोकरीबद्दल बोलत होतो.

"कुठलं आहे म्हणालीस हे?"

"लिनक्स मिंट बावीस पॉइंट दोन. प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतं, ओळीने एबीसीडीप्रमाणे. पहिली एडा, २००६ मध्ये. मधे एक तारा होती, एक उमा पण होती."

"आणि ही?"

"झारा."

सौभाग्यवती वर्तमानपत्राची पुडी बांधता बांधता थांबली. "झारा? दिवाळीच्या तोंडावर? आणि मिंट म्हणजे काय?"

"पुदिना."

"आणि ते मघाशी काय म्हणालीस, जुन्या मशीनला जड होईल ते?"

"सिनॅमन, काकू. म्हणजे दालचिनी. आपण हलकावाला घेऊ, एक्सएफसीई. त्याच्या चिन्हावर उंदीर आहे."

"पुदिना, दालचिनी, झारा आणि उंदीर," ती म्हणाली. "हे कॉम्प्युटरचं चाललंय की माझ्या स्वयंपाकघराचं?"

बसवायला चहा होऊन कप विसळून होईपर्यंतचा वेळ लागला. मध्ये एकदा पडद्याने विचारलं, डिस्क पुसून बसवू? डिस्क कोरी आहे, जुनी कपाटात आहे, हे सगळं ठाऊक असूनही माझा हात थांबला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि मग तिनेच दाबलं. पुन्हा चालू केल्यावर यंत्र अर्ध्या मिनिटात उठलं. विंडोजवर असताना मी बटण दाबून आंघोळीला जायचो. आता आंघोळ कधी करायची हा नवाच प्रश्न उभा राहिला. याचं निम्मं श्रेय नव्या डिस्कचं आहे असं मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली. 'आधार किती सालापर्यंत?' हे मी विचारलंच. २०२९. तेव्हा मी बहात्तरचा असेन आणि यंत्र वीस वर्षांचं. बँकेत दोघांची सही एकदम करून टाकता येईल.

मग मराठी. भाषांची यादी उघडली. मलयाळमनंतर खाली सरकता सरकता मराठी सापडली आणि तिच्यापुढे लिहिण्याच्या पद्धती: इनस्क्रिप्ट, आयट्रान्स आणि त्यांतच एक, रोमन अक्षरांत चक्क 'गमभन'. हेलसिंकीपासून सुरू झालेल्या या प्रचंड कारखान्यात कोणीतरी पाटीवरचं गमभन नेऊन ठेवलं होतं. मी इनस्क्रिप्ट घेतली, पण गमभनवर बाण ठेवून थोडा वेळ थांबलो.

तक्रार आली ती सौभाग्यवतीकडून. "माझे पत्ते कुठे आहेत?"

विंडोजमध्ये पत्त्यांचा सॉलिटेअर १९९० साली घातला गेला, त्यामागे लोकांना माऊस धरून वस्तू ओढायची सवय व्हावी हा हेतू होता. आमच्या घरात हा अभ्यासक्रम पंधरा वर्षं चालू आहे. मुलीने दोन मिनिटांत पत्त्यांचा एक नवा खेळ उतरवून दिला, ज्यात ऐंशीच्या वर डाव होते. तरी सौभाग्यवतीचं समाधान झालं नाही. "मी जिंकलेले डाव?" ते जुन्या डिस्कवर, रुमालात, बांगड्यांशेजारी राहिले होते. इतक्या सगळ्या उलाढालीत खरं नुकसान झालं ते एवढंच, आणि ते भरून देता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या डिस्कवरच्या फायली नव्या घरात आणायला बसलो. मुलीने वायर देऊन ठेवली होती. सोसायटीची इतिवृत्तं, विम्याचे हप्ते, दोन कविता ज्यांच्याबद्दल कोणाला माहीत नाही. आणि 'आई-२०१०' नावाची एक फाइल.

ती उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. लहान, मोठी, मध्येच कंस, मध्येच तिरकी रेघ. पोटात खड्डा पडला. मग लक्षात आलं. त्या काळी घरी मी शिवाजी नावाचा फॉण्ट वापरायचो. युनिकोड येऊन बरीच वर्षं झाली होती, पण सायबरकॅफेवाल्याने मला दिला होता तो हा. त्यात अक्षर मराठी दिसायचं, आत मात्र इंग्रजी कीच साठवली जायची. फॉण्ट आहे तोवर मराठी. फॉण्ट गेला की सोंग उतरलं. 'मराठी' हा शब्द रोमन अक्षरांत 'मराझी' असा दिसत होता, इटलीतल्या एखाद्या गवयाचं आडनाव असावं तसा. आणि जिथे जिथे 'आणि' होतं तिथे तिथे 'आइना' झालं होतं. आईने सांगितलेल्या पानापानावर आइना, आइना.

टंकलेखन यंत्रावर मिनिटाला चाळीस शब्द पडणारी माझी बोटं या फॉण्टावर चार शब्दांवर आली होती. 'ठ'साठी झेड दाबायचा, 'ण'साठी मोठा एन. रात्री जेवणं झाली की आई पलंगावर पाय घेऊन बसायची, मी एकेक की शोधायचो, आणि ती वाट बघत थांबायची. आता ती खिचडी बघताना माझी बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली. डोळ्यांना जे वाचता येत नव्हतं ते बोटांना येत होतं. पहिल्या ओळीत 'अनारसे' होतं.

जुन्या डिस्कच्या विंडोजमधल्या फॉण्टच्या फोल्डरात शिवाजी बसलेला होता, २०१४ ला पेनड्राइव्हवरून आणि २०१६ ला चालत्या घरातून आलेला. मी तो उचलला, नव्या घरात आणला, त्यावर दोनदा टिचकी मारली. एक खिडकी उघडली, तीत 'इन्स्टॉल' म्हणून बटण. ते दाबलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली.

"अहो, इकडे या," मी हाक मारली. आमच्यात हाक मारताना मीही कधीकधी अहो म्हणतो. घाईत लक्षात राहत नाही.

सौभाग्यवती हात पुसत आली आणि पाठीशी उभी राहून वाचायला लागली.

'तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे. पाणी रोज बदलायचं. रोज म्हणजे रोज. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर पसरायचे, सावलीत. अर्धवट ओले असतानाच कांडायचे. आता मिक्सर म्हण. गूळ किसून, तूप घालून गोळा करायचा आणि डब्यात मुरू द्यायचा. मीठ नाही घालायचं. हे लिहू नकोस, सगळ्यांना माहीत असतं. थापताना खसखस खाली, तळताना वर. आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. किती वेळ ते काय सांगू, हाताला कळतं. हसला तर घाबरायचं नाही, थोडी पिठी मिसळायची. सूनबाईचे पहिल्या वर्षी सगळे हसले होते, मी कोणाला सांगितलं नाही. हे पण नको लिहूस.'

पाठीमागे काही क्षण आवाज आला नाही.

"हे असं टाइप केलंत तुम्ही?"

"लघुलेखकाने ऐकलेलं लिहायचं असतं."

"सगळे नव्हते हसले," ती म्हणाली. "चार नीट झाले होते." मग कॅलेंडरकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलं. "भिजत आजच घालायला हवेत. पीठ मुरायला आठवडा तरी पाहिजे." ती स्वयंपाकघराकडे वळली आणि दारातून म्हणाली, "त्या तुमच्या झाऱ्याला म्हणावं, एक प्रत काढून दे. मला चष्मा लावून इथे उभं राहायला वेळ नाही."

प्रिंटरही कॉम्प्युटरच्याच सालचा. त्याची सीडी कधीच हरवली होती. मी वायर जोडली आणि मनाची तयारी केली. यंत्राने विचारलं काहीच नाही, कोपऱ्यात नुसतं सांगितलं की प्रिंटर जोडला आहे. प्रिंटरने दोनदा घसा खाकरला, कागद आत ओढला, आणि ओळीओळीने तो बाहेर सरकू लागला. शेवटची ओळ सगळ्यात शेवटी आली.

'झालं एवढंच. आता बंद कर ते, लाइट जायची वेळ झाली. चहा टाक. हे पण लिहितोयस का रे?'